मासळी कमी होते तेव्हा टोपली कुणाची रिकामी राहते?

(कोकण किनाऱ्यावरील महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘शाश्वत मत्स्योत्पादन’ असं छापलं आहे. निघण्यापूर्वी आमच्या भागातल्या मासेवाल्या बायकांना मी ते वाचून दाखवलं, तर एका मावशींनी विचारलं, “उत्पादन म्हणजे? मासा काय आम्ही पिकवतो?” सगळ्याजणी हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकरी पेरतो, मग काढतो. समुद्रात कुणी पेरत नाही. जे आहे त्यातून आपण घेतो, आणि घेताना हात आखडता ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायला उरतं. सरकारी कागदात मात्र दोन्हींना एकच शब्द आहे, आणि उत्पादन म्हटलं की ते दरवर्षी वाढलंच पाहिजे असा हिशेब मागोमाग येतो. वाढलं नाही तर मोठी बोट, मोठं इंजिन, मोठं जाळं. तेवढ्यानंही वाढलं नाही तर तळी खोदा. बायकांचा या सगळ्याशी काय संबंध, हे आज मला बोलायचं आहे.

तुमच्यातल्या निम्म्याजणी घाटावरच्या आहात, म्हणून थोडं मुळापासून सांगते. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर २०१० साली झालेल्या मच्छीमार गणनेत ४५६ मच्छीमार गावं आणि ८१ हजारांवर मच्छीमार कुटुंबं मोजली गेली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, भोई, दालदी असे कितीतरी समाज यात येतात. साधारणपणे पुरुष समुद्रावर जातो. होडी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बाईचं. जाळ्यात अडकलेला मासा सोडवायचा, निवडायचा, लिलावात बोली लावायची, बर्फ आणायचा, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, विकायचा, उरला तर मीठ लावायचा, वाळवायचा. भरती-ओहोटी बघून खाडीत उतरायचं, तिसऱ्या-मुळे-कालवं काढायची. यातलं कुठलंही काम केल्याशिवाय मासा माणसाच्या ताटात येत नाही. तरी मच्छीमार कोण असं विचारलं की बोट होडीतल्या माणसाकडे दाखवतं, आणि बाईच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिलं जातं. शेतातल्या बाईबद्दल आपण हे वर्षानुवर्षं बोलत आलो. समुद्रकाठी तेच आहे. पण इथे त्याचा परिणाम असा होतो की मासा टिकवायचे जे जे नियम होतात, ज्या ज्या योजना येतात, त्या होडीवाल्याला डोळ्यासमोर ठेवून होतात. बाईच्या वाट्याला फक्त त्यांची झळ येते.

मासा संपतो कसा? प्रत्येक जातीच्या मादीला वयात येऊन एकदा तरी अंडी घालायला मिळाली पाहिजेत, ही साधी अट. ती मोडण्याचे रस्ते अनेक आहेत. जाळ्याचा आस बारीक ठेवला की पिल्लंही येतात. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, हवं ते आणि नको ते सगळं उचलतं. पर्ससीनचं जाळं थव्याला गोल वेढा घालतं आणि खालून बटव्यासारखं आवळलं जातं, अख्खा थवा एका वेळी वर येतो. त्यात रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासा ओढून घ्यायची पद्धत आली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिला बंदी घातली, तरी ती चालते अशा तक्रारी किनाऱ्यावर कुठेही ऐका. दुसरीकडे खाड्यांमध्ये, जिथे कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं वाढतात, तिथे भराव पडतात, तिवरं तुटतात, कारखान्यांचं पाणी सुटतं. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी लोटे परिसरातल्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध किती वर्षं आवाज उठवला आहे, हे तुमच्यातल्या चिपळूणकडच्या मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. तेव्हा सगळा दोष जाळ्याच्या माथी मारू नये. तसा तो मारणाऱ्यांना बहुधा किनाऱ्यावर दुसरं काहीतरी बांधायचं असतं.

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे २ लाख टन भरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तेव्हा सांगितलं की गेल्या ४५ वर्षांतला हा नीचांक आहे. आदल्या वर्षी हाच आकडा २ लाख ९५ हजारांच्या आसपास होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी दोन वादळं पाठोपाठ आली, बोटी ऐन हंगामात बंदरात अडकल्या, हेही खरं. वर्तमानपत्रात बातमी आली ती आकड्याची आणि बोटमालकांच्या नुकसानीची. लिलावात हात हलवत परतलेल्या बायकांची बातमी आली नाही. बोटीला निदान सोसायटी असते, कर्जाची फेरमांडणी मागता येते. पाटीवालीचं कर्ज असतं ते शेजारणीकडून, सावकाराकडून, नाहीतर गटाकडून, आणि त्याचा हप्ता वादळ बघत नाही.

मासा कमी होण्याइतकंच तो कुठे उतरतो हेही महत्त्वाचं आहे. मालवणकडची रापण घ्या. किनाऱ्यावरून ओढायचं हे मोठं जाळं. ओढायला गावातली माणसं लागतात, मासा वाळूवर येतो, तिथेच वाटे पडतात, आणि तिथूनच बायका पाट्या भरून बाजाराला जातात. पाचशे-हजार रुपये कनवटीला असलेल्या बाईलाही यात शिरकाव असतो. आता पर्ससीन बोट बघा. ती मोठ्या बंदरात लागते, टनांनी मासा उतरवते, ट्रक उभाच असतो. टनाची बोली लावायची ऐपत कुठल्या पाटीवालीकडे आहे? बोटमालकाने व्यापाऱ्याकडून डिझेलसाठी आगाऊ रक्कम उचललेली असेल तर बोलीचाही प्रश्न येत नाही, माल आधीच विकलेला असतो. मग आपल्याच गावच्या समुद्रातला बांगडा डोळ्यांदेखत ट्रकने जातो आणि आपली बाई पहाटे उठून दुसऱ्या राज्यातून आलेला बर्फातला मासा घ्यायला दूरच्या बाजारात जाते. गिऱ्हाईक विचारतं, “ताजा आहे ना गं?” काय उत्तर द्यायचं तिने?

पर्ससीनवर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. नवे परवाने नाहीत, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, आणि असलेले परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे, असा तो आदेश. पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी बराच संघर्ष केला होता आणि मोर्चांमध्ये बायका पुढे होत्या. मोर्चात बायका पुढे आणि बोलणी करायला गेलेल्या शिष्टमंडळात एखादीच, हे आपल्याला नवीन नाही! पण त्यामुळे झालं असं की वाद फक्त ‘ही बोट की ती बोट’ एवढाच राहिला. मासा कुठल्या बंदरात उतरवायचा, लिलावात लहान खरेदीदार बाईसाठी काही हिस्सा राखायचा का, छोटे ढीग लावायचे का, हे प्रश्न कुणाच्या मागणीपत्रात आलेच नाहीत.

पिल्लांबद्दल थोडं अधिक बोलते, कारण तिथे आपल्याला लगेच काही करता येण्यासारखं आहे. मासा लहान होत चालला आहे, हे पहिल्यांदा कळतं निवडणाऱ्या बाईला. रोज तीच पाटी, तोच मासा तिच्या हाताखालून जातो. पूर्वी वाट्यात किती नग लावायचो आणि आता किती लावतो, हा हिशेब तिला पाठ असतो. सातपाटीकडे पापलेटची पिल्लं जाळ्यात येणं हा कित्येक वर्षांचा कळीचा प्रश्न आहे. पिल्लू कवडीमोलाने जातं, तेच वाढलं असतं तर त्याच एका माशाला कितीतरी पट भाव आला असता. हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. नियम चांगला आहे, मला तो हवाच आहे. पण तो लावणार कुठे? समुद्रात बोट अडवायला गस्तीनौका लागते, माणसं लागतात, बोटमालकाशी वैर घ्यावं लागतं. बाजारात ओट्यावर बसलेली बाई मात्र केव्हाही सापडते. तिने जाळं टाकलेलं नाही, आसाचा आकार तिने ठरवलेला नाही, लिलावात तिने अख्खा ढीग घेतला आहे आणि त्यात वरचा मोठा व खालचा बारीक असा सगळा माल आहे. म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. तपासणी बंदरावर, लिलावाच्या आधी. आणि तपासणीच्या वेळी मासे निवडणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधी हजर.

याबरोबर बायकांनीही एक पाऊल टाकायला हवं असं माझं मत आहे. पिल्लांच्या ढिगावर बोली लावायची नाही, हा निर्णय एका बाजारातल्या सगळ्या बायकांनी मिळून घेतला तर बोटीला ती पिल्लं आणणं परवडणार नाही. एकटीने घेतला तर ती उपाशी राहील आणि शेजारीण विकेल. त्यामुळे हे उपदेश करून होणार नाही, संघटना असेल तरच होईल.

आणि बायकांनी घेतलं नाही तरी पिल्लांना दुसरं गिऱ्हाईक आहेच, फिशमीलचं. बारीक, स्वस्त मासळी वाळवून तिची भुकटी करायची आणि ती कोंबड्यांच्या, माशांच्या, कोळंबीच्या खाद्यात घालायची, असा हा उद्योग. पूर्वी हीच बारीक मासळी बायका वाळवायच्या. सुकी मांदेली, सुका जवळा, बोंबलाची काडी. ही घाटापलीकडच्या आठवडे बाजारांत जायची. मजुराच्या भाकरीबरोबर परवडणारा हा एकच सामिष घास. आज तो घास कारखान्याशी स्पर्धा करतो आहे. सुक्या मासळीचे भाव वाढले म्हणून आपण कुरकुरतो, पण वाळवणारी बाई त्यातून श्रीमंत झालेली मला तरी दिसली नाही.

आता मत्स्यशेतीकडे वळते, कारण समुद्रावरचा भार कमी करायचा तर मासे तळ्यात वाढवा, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. उपाय म्हणून तो वाईट नाही. पण समोर आलेली कुठलीही मत्स्यशेती मी तीन गोष्टींवरून पारखते. तो प्राणी खातो काय, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, आणि जागा कुणाच्या ताब्यातून घेतली. कोळंबीचं पाहा. तिच्या खाद्यात फिशमील असतं. म्हणजे समुद्र वाचवायला काढलेलं तळं समुद्रातलाच बारीक मासा खातं. बाकीच्या दोन गोष्टींचं उत्तर तामिळनाडूने फार वर्षांपूर्वी दिलं आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर कंपन्यांनी भातजमिनी घेऊन कोळंबीची तळी खोदली. खारं पाणी शेजारच्या शेतांत झिरपलं, विहिरी खारट झाल्या. भाताच्या शेतात लावणी-कापणीला जाणाऱ्या दलित मजूर बायकांचं काम गेलं, कारण तळ्याला माणसं फारच थोडी लागतात. वर पिण्याच्या पाण्यासाठी लांब चालणं आलं. त्या भागात कृष्णम्माल जगन्नाथन भूमिहीन दलित बायकांच्या नावावर जमिनी करून देण्याचं काम करत होत्या. त्या आणि त्यांचे सर्वोदयी पती एस. जगन्नाथन यांनी लोकांना घेऊन सत्याग्रह केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी, पारंपरिक पद्धतीची वगळून, काढून टाका, बाधितांना आणि कामगारांना भरपाई द्या. केवढा मोठा विजय! पण त्या निकालाची पुरती अंमलबजावणी झाली नाही, आणि २००५ साली संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा करून किनारा नियमनाचे निर्बंध या तळ्यांना लागू नाहीत असं ठरवलं. कायद्याने दिलेलं कायद्यानेच काढून घेतलं. पुढे २००९ पासून व्हनामी ही परदेशी जात आली आणि आज देशातून निर्यात होणारी कोळंबी मुख्यतः तीच आहे. आपल्याकडे खारभूमीच्या जमिनी कोळंबीला द्यायच्या का असा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर नागपट्टिनमच्या बायकांच्या विहिरी आठवा आणि मग हात वर करा.

याच्या उलट टोकाला आहेत शिनाणे आणि कालवं. बांबूचा तराफा, त्याला दोर लोंबकळत सोडायचे, दोरांना शिनाण्याचं बी बांधायचं. पाच-सहा महिन्यांत शिनाणे काढणीला येतात. त्यांना काहीही खायला घालावं लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ते वाढतात. बाहेरून खाद्य नाही, औषध नाही, जमीन खोदणं नाही. सिंधुदुर्गात २०१२ नंतर सरकारच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून बचत गटांनी शिनाणे, कालवं आणि चिंबोऱ्यांची शेती सुरू केली. २०१७ पासून राज्याची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आहे. गटाने केलं तर खर्चाचा ९० टक्के भाग सरकारचा, १० टक्के गटाचा. तिवरं जिवंत राहिली तरच चिंबोरी जगते, त्यामुळे बायकाच तिवरांच्या राखणदार होतात, ही कल्पना मला मनापासून आवडते.

पण कल्पना आवडली म्हणून हिशेब सोडायचा नाही. पाणी गाळून जगणारं शिंपलं पाण्यातलं विषही गाळून पोटात ठेवतं. वरच्या अंगाला कारखान्याचं किंवा गावाचं सांडपाणी सुटत असेल तर गटाच्या सहा महिन्यांच्या कष्टांवर पाणी, आणि खाणाऱ्याच्या पोटात दुखणं वेगळंच. चिंबोरी तर मांसाहारी. तिला रोज बारीक मासळी चिरून घालावी लागते, ती विकत घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा समुद्रातलीच. बी तामिळनाडूतल्या केंद्रातून आणावं लागतं. भरतीच्या वेळेप्रमाणे खाद्य टाकायला जायचं, कुंपणाची जाळी फाटली का बघायचं, चोरी होऊ नये म्हणून रात्रीची राखण. रात्री खाडीत बाई राखणीला जाणार का? मग नवऱ्याला, दिराला पाठवायचं. मग हळूहळू व्यवहारही त्याच्याच हातात जातो आणि गटाचं नाव फक्त फलकावर राहतं. हे सगळीकडे होतं असं मी म्हणत नाही. काही गटांनी राखणीसाठी पगारी माणूस ठेवला, आणि विक्रीच्या दिवशी दोघीजणींनी हजर राहायचंच असा नियम केला. असे नियम योजनेच्या कागदात नसतात, ते आपल्याला करून घ्यावे लागतात.

आणखी एक अवघड गोष्ट बोलते. ज्या चिखलात गटाचं कुंपण पडतं तो चिखल रिकामा नसतो. तिथे ओहोटीला कुणीतरी बाई वाकून मुळे काढत असते. ती बहुधा गटात नसते. कधी ती भोई असते, कधी कातकरी, कधी मुसलमान वस्तीतली. तिच्याकडे परवाना नाही, पावती नाही, कुठल्या गणनेत ती नाही. तिचं साधन म्हणजे कोयती आणि टोपली. कागदावर ती जागा पडीक दिसते, आणि ‘महिला सक्षमीकरणा’च्या योजनेने तिच्या पायाखालचा चिखल जातो. आपण बायकांच्या संघटना चालवतो, तर कुठल्या बायका, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. माझा आग्रह आहे की खाडीत काहीही उभारण्याआधी महिनाभर, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोट्या धरून, तिथे कोण कोण उतरतं हे गटाने स्वतः जाऊन पाहावं, आणि त्या बायकांना गटात घ्यावं किंवा त्यांची वाट मोकळी ठेवावी.

शिंपल्यांचं नियमन करता येतं, हे केरळातल्या अष्टमुडी सरोवराने दाखवलं. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढणं बंद असतं, जाळीच्या आसावर मर्यादा आहे. तिथल्या शिंपल्यांना २०१४ साली ‘शाश्वत’ असं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलंच. तिथे काढण्याचं काम मुख्यतः पुरुषांचं, शिंपले उकडून मांस वेगळं करायचं काम बायकांचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काढणाऱ्याही बायकाच आहेत. तेव्हा आपल्या खाडीचे नियम त्यांनीच करावेत. कुठला भाग कधी मोकळा सोडायचा, केवढं शिंपलं परत चिखलात टाकायचं, हे त्यांना ठाऊक असतं. ते ठरावाच्या रूपात ग्रामसभेत लिहून घ्यायचं काम आपलं.

पावसाळी बंदीचं थोडक्यात सांगते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला, म्हणून बंदी हवीच. पण या दोन महिन्यांत चूल कोण चालवतं? उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी विकून बाईच चालवते. केंद्राच्या योजनेत बंदीच्या काळासाठी बचत-नि-मदत आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालणार आणि तीन महिन्यांत ४,५०० परत मिळणार. रक्कम किती तुटपुंजी आहे ते सोडा. अट आहे ती ‘सक्रिय’ मच्छीमाराची. बोटीवर न गेलेली विधवा, जी तीस वर्षं मासे विकते, ती सक्रिय की निष्क्रिय? तुमच्या तालुक्यात अर्ज करून बघा आणि काय लेखी उत्तर मिळतं ते जपून ठेवा. असे पाच-पन्नास कागद जमले तर आपल्याला वर जाता येईल.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, शेतीसारखी कर्जं, असं त्यात आहे. याचं स्वागत करताना मला शेतकरी संघटनेचं ‘लक्ष्मीमुक्ती’ आठवतं. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून ते अभियान निघालं होतं. मासेवालीकडे तर सातबाराच नाही, ना होडीचे कागद तिच्या नावे. डिझेलवरचा कर परत मिळतो तो बोटीला. जास्त डिझेल जाळून लांब जाणाऱ्या बोटीला जास्त परतावा, आणि मासा टिकवायच्या गप्पा त्याच खात्याच्या भाषणात! बर्फाच्या पेटीला, बाजारातल्या पाण्याच्या नळाला, पाटीवालीच्या एसटीला पैसा शोधावा लागतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिरुवनंतपुरमच्या मासे विकणाऱ्या बायकांनी आंदोलन करून स्वतःसाठी बसगाड्या मिळवल्या होत्या. आपल्याकडे अजून कंडक्टर वास येतो म्हणून पाटी खाली उतरवतो.

बाईचा सातबारा म्हणजे तिची वाळवणाची जागा. बोंबील टांगायचे बांबूचे मांडव, जवळा पसरायचं अंगण. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमार गावांच्या सामाईक जागा, मासे वाळवायच्या जागा, हे सगळं नकाशावर दाखवायला सांगितलं आहे. तुमच्या गावाचा नकाशा बघा. वाळवणाची जागा त्यावर नसेल तर उद्या तिथे वाहनतळ किंवा हॉटेल आलं की सरकार म्हणेल, इथे काही नव्हतंच. मुंबईतल्या कोळीवाड्यांना याचा पुरेपूर अनुभव आला आहे. वाळवण गेलं की सुकी मासळी गेली, सुकी मासळी गेली की बारीक मासा थेट फिशमीलच्या ट्रकमध्ये. मासा टिकण्याचा आणि बाईची जागा टिकण्याचा संबंध इतका सरळ आहे.

हे सगळं बोलायची जागा म्हणजे मच्छीमार सहकारी सोसायटी. तिच्यात बाईला सभासद करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि संचालक मंडळावर दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या दोन जागांवर बहुतेक ठिकाणी बोटमालकांच्या बायका किंवा सुना असतात आणि सह्या घरी होतात, हे मी बघते आहे. पाटीवाली सभासदच नसेल तर ती उभी कशी राहणार? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बंदी उठून मासळी सुरू झालेली, सण तोंडावर, बायका पहाटेपासून बाजारात. अशा दिवसांत दुपारी चारची सभा लावली की एकही बाई येत नाही आणि ठराव एकमताने मंजूर होतात. म्हणून सभासदत्वाचे अर्ज जून-जुलैत, बोटी बंद आणि बायका घरी असताना भरून द्यायचे, पोच घ्यायची, आणि सभेची वेळ बाजार उठल्यावरची मागायची. अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घ्या. प्रती कमी आहेत, एका गावाला एकच.